जपानमध्ये नव्याने आलात? रोजची जपानी मराठीतून शिका

पुण्या-मुंबईहून नोकरीला किंवा शिकायला जपानला येणारे बरेचजण जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-५ किंवा एन-४ ही सुरुवातीची पातळी करून येतात. परीक्षा चांगलीच आहे, पण तिच्यात बोलण्याचा पेपर नाही. एन-५ला १८०पैकी ८० गुण आणि प्रत्येक विभागातले किमान गुण मिळाले की प्रमाणपत्र हातात येतं. मग इथल्या दुकानात काउंटरवरची मुलगी एका दमात तीन प्रश्न विचारते आणि प्रमाणपत्र खिशातच राहतं.

दुसरी अडचण आपल्या सवयीची. आपण जपानी शिकतो ती इंग्रजीतून. इंग्रजीत जे अवघड वाटतं त्यातलं निम्मं मराठी माणसाला आधीपासून येत असतं. क्रियापद शेवटी, नामाला मागून चिकटणारे प्रत्यय, समोरचा कोण हे बघून क्रियापद बदलणं, सगळं ओळखीचं. तेव्हा शब्द पाठ करताना मधला इंग्रजी अर्थ काढून टाका. कोण, कोणाला, कोणत्या वेळी हे म्हणतो, तेवढं मराठीत लिहून ठेवा. पुढच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

एक खूण लक्षात ठेवा. जिथे स्वर एक मात्रा जास्त लांबवायचा तिथे मी ‘ऽ’ लिहिलं आहे.

जवळ काय असू द्या

- विमानतळावर मिळालेलं झाइर्‍यूऽ कार्ड (रहिवासी ओळखपत्र). कायद्याने ते कायम जवळ बाळगावं लागतं
- पासपोर्ट आणि त्याची झेरॉक्स
- काताकाना लिपीत तुमचं नाव आणि जपानी पद्धतीने पत्ता लिहिलेला कागद
- फोनमध्ये एक शब्दकोश आणि कॅमेऱ्याने वाचून भाषांतर करणारं एक ॲप
- सुट्ट्या नाण्यांसाठी छोटं पाकीट. ५०० येनपर्यंत नाणीच असतात, खिसा फाटतो
- खिशात मावेल अशी वही. ॲपमध्ये साठवलेले शब्द कोणी परत उघडून बघत नाही

## १. रोमन लिपी पहिल्याच आठवड्यात सोडा

हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं आहेत. त्यांचा क्रम बघा: अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या बाराखडीची आठवण येते, आणि तो योगायोग नाही. बौद्ध ग्रंथांसाठी जपानी भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकत, त्या अभ्यासातून ही मांडणी आली. ‘सा’ बसला आहे तो आपल्या च-वर्गाच्या जागी आणि ‘हा’ प-वर्गाच्या जागी, कारण जुन्या काळी त्याचा उच्चार ‘प’ होता. वर्णमाला डोक्यात असेल तर शब्दकोशातला क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही.

माझं मत विचाराल तर काताकाना आधी शिका. वर्गात उलटं शिकवतात. पण मेन्यूवरचे ‘कोऽहिऽ’, ‘आइसुकुरिऽमु’, दारावरचं ‘तोइरे’ हे परदेशी शब्द काताकानात असतात. अक्षरं जुळवली की अर्थ आपोआप कळतो, आणि त्याने धीर येतो.

उच्चारात तीन गोष्टी सांभाळा.

‘त्सु’ जमत नाही अशी तक्रार पुस्तकात असते. आपण ‘चूल’ आणि ‘चमचा’ म्हणतो तोच हा च. ‘चहा’मधला नव्हे.

लांबी चुकली की अर्थ बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे काकूच्या वयाची बाई, ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बिऽरु’ म्हणजे बिअर. इथे देवनागरी फसवते: आपला ‘ओ’ आणि ‘ए’ नेहमी दीर्घच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ फरक कागदावर दिसतच नाही. म्हणून देवनागरीतून लिहून घेणं फक्त सुरुवातीपुरतं ठेवा.

आणि जोडाक्षर. ‘किते’ म्हणजे ‘ये’, ‘कित्ते’ म्हणजे टपालाचं तिकीट. ‘पका’ आणि ‘पक्का’ यांतला फरक ज्याला ऐकू येतो त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

## २. आपलं नाव काताकानात एकदाच ठरवा

हे काम पहिल्या सरकारी कागदाच्या आधी करा. कुलकर्णी होतात ‘कुरुकारुनि’, देशपांडे होतात ‘देशुपान्दे’. ल आणि र एकच, ळ नाहीच, आणि ‘व’ कधी ‘वा’ तर कधी ‘बा’ लिहिला जातो. जोशी मंडळींनी तर जपूनच ठरवावं: ‘जोशि’ म्हणजे मुली किंवा स्त्रिया आणि ‘जोऽशि’ म्हणजे वरिष्ठ साहेब. हसतील, पण लक्षात ठेवतील.

बँक, फोन कंपनी, विमा, सगळीकडे काताकानातलं नाव अक्षराला अक्षर जुळावं लागतं. एका ठिकाणी स्वर लांबवलात आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, तर पगार खात्यात जमा होताना अडतो. पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव असेल तर फॉर्ममध्ये ते सगळं मिळून तुमचं नाव धरलं जातं. तसंच लिहा, मनाने गाळू नका.

राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत तिथल्या कुयाकुश्यो किंवा शियाकुश्योमध्ये (वॉर्ड किंवा नगरपालिका कार्यालय) पत्ता नोंदवायचा. त्या खेपेलाच ‘जूऽमिन्ह्योऽ’, म्हणजे पत्त्याचा दाखला, मागून घ्या. पुढे बऱ्याच ठिकाणी लागतो. ‘हान्को’ म्हणजे नावाचा शिक्का बनवून घ्यायची घाई करू नका, हल्ली बहुतेक ठिकाणी सही चालते.

## ३. दुकानातले प्रश्न ठरलेले असतात

दारात शिरल्यावर ‘इराश्शाइमासे!’ असा पुकारा होतो. त्याला उत्तर द्यायचं नसतं. पुढे काउंटरवर साधारण एवढंच विचारतात:

- ‘आतातामेमास का?’ डबा गरम करून देऊ का?
- ‘फुकुरो वा?’ पिशवी हवी का? (जुलै २०२०पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, म्हणून हा प्रश्न हमखास.)
- ‘ओहाशि वा?’ चॉपस्टिक देऊ का?
- ‘पॉइंतो काऽदो वा?’ दुकानाचं कार्ड आहे का?

वाक्य मोठं असेल, नम्रतेची शेपटं लागलेली असतील. तुम्ही फक्त हा एक शब्द कानाने पकडा. उत्तरंही दोनच. हवं असेल तर ‘ओनेगाई शिमास’. नको असेल तर ‘दाईजोऽबु देस’.

या दुसऱ्याशी जपून. शब्दकोशात ‘दाईजोऽबु’चा अर्थ ‘ठीक आहे’ असा दिसतो, म्हणून पिशवी हवी असताना लोक तेच म्हणतात आणि सामान हातात धरून बाहेर पडतात. आपण पंगतीत वाढप्याला हात आडवा करून ‘बास, बास’ म्हणतो, तो हा सूर.

पैसे हातात देऊ नका. समोर छोटा ट्रे असतो, त्यात ठेवा.

## ४. ठरलेली वाक्यं ठरल्या वेळी म्हणा

घरातून निघताना जपानी माणूस म्हणतो ‘इत्तेकिमास’. म्हणजे ‘जाऊन येतो’. घरातलं माणूस म्हणतं ‘इत्तेराश्शाइ’, ‘जाऊन ये’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे समजावून द्यावं लागतं. आपल्याकडे ‘जातो’ म्हटलं की आजी टोकते, ‘जातो नाही, येतो म्हणावं’. परत आल्यावर ‘तादाइमा’, त्याला उत्तर ‘ओकाएरि’. ‘सायोनारा’ मात्र रोज वापरायचा शब्द नाही. ऑफिसातून निघताना म्हणालात तर राजीनामा दिलात की काय असं वाटेल.

ऑफिसातून निघताना म्हणायचं ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमास’, तुमच्या आधी निघतोय, माफ करा. मागे थांबलेले म्हणतात ‘ओत्सुकारेसामा देस’. हाच शब्द दिवसभर जिन्यात, फोनवर, ईमेलच्या सुरुवातीला येतो. दमलात, असा मूळ भाव आहे, पण वापर आपल्या ‘नमस्कार’इतका सढळ. याचाच भाऊ ‘गोकुरोऽसामा’ हा वरच्याने खालच्याला म्हणायचा आहे. साहेबाला म्हणू नका.

जेवणाआधी ‘इतादाकिमास’, जेवण झाल्यावर ‘गोचिसोऽसामा’. एकटे जेवत असलात तरी. हॉटेलातून बाहेर पडताना गल्ल्यावर ‘गोचिसोऽसामा देश्ता’ म्हणून बघा, आतला आचारीसुद्धा मान वर करून हसतो.

## ५. ‘आपलं’ आणि ‘बाहेरचं’ माणूस: इथे वेळ घाला

मराठीत तू, तुम्ही, आपण आहेत, म्हणून जपानी आदरार्थ सोपा जाईल असं वाटतं. जातोही, पण एका ठिकाणी अगदी उलटा.

समजा, ऑफिसात फोन वाजला. ग्राहक कंपनीतून विचारतात, ‘तानाका-सान इराश्शाइमास का?’ तानाका साहेब आहेत का? (‘सान’ हे नावामागे लावायचं आदराचं शेपूट.) तानाका तुमचे मॅनेजर, वयाने मोठे, समोरच बसायचे, आत्ता जागेवर नाहीत. मराठी तोंडातून सहज येणार, ‘साहेब जागेवर नाहीत’. जपानीत मात्र म्हणायचं, ‘तानाका वा तादाइमा सेकि ओ हाझुशिते ओरिमास’. ‘सान’ गेलं, आणि क्रियापदही नम्र झालं. बाहेरच्या माणसाशी बोलताना साहेब ‘आपल्या घरातले’, आणि आपल्या घरातल्यांना बाहेरच्यापुढे मोठेपणा द्यायचा नाही. फोन ठेवल्यावर तेच परत तानाका-सान. ‘उचि’ म्हणजे आतलं, ‘सोतो’ म्हणजे बाहेरचं. ही रेघ कुठे आहे ते दर वाक्याला बघावं लागतं.

घरच्या माणसांचंही तसंच. आपण अभिमानाने ‘माझे बाबा म्हणाले’ म्हणतो, अनेकवचनात. तिथे स्वतःचे वडील ‘चिचि’, आई ‘हाहा’, बायको ‘त्सुमा’. समोरच्याचे वडील ‘ओतोऽसान’, आई ‘ओकाऽसान’, बायको ‘ओकुसान’. घरात स्वतःच्या आईला हाक मारताना मात्र ‘ओकाऽसान’च. वहीत दोन रकाने करा, आपले आणि त्यांचे. एकाच रकान्यात पाठ केलंत तर गोंधळ कायमचा बसतो.

इथले नेहमीचे सापळे:

- स्वतःच्या नावाला ‘सान’ लावणं. ‘मी पाटील साहेब बोलतोय’ म्हटल्यासारखं होतं.
- ‘आनाता’ वापरणं. पुस्तकात त्याचा अर्थ ‘तुम्ही’ दिलेला असतो, पण समोरच्याला नावानेच बोलवायचं: ‘तानाका-सान वा?’ घरात बायको नवऱ्याला ‘आनाता’ म्हणते, आपल्याकडच्या ‘अहो’सारखं. आता साहेबाला आनाता म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.
- डॉक्टर आणि शिक्षक यांना ‘सान’ म्हणणं. ते ‘सेन्सेइ’.

रजेवरून परतताना विभागातल्या सगळ्यांसाठी ‘ओमियागे’, म्हणजे खाऊ, आणायचा असतो. एकेक तुकडा वेगळा गुंडाळलेला हवा. चिवड्याची मोठी पिशवी फोडून टेबलावर ठेवली तर कोणी हात घालणार नाही. छोट्या पाकिटांतली बाकरवडी मात्र लगेच संपते. देताना थोडं कमीपणाने द्यायचं, ‘काही विशेष नाही हो, असंच’, हे आपल्याला शिकवायला नको.

## ६. ‘नाही’ ऐकायला शिका

तोंडावर ‘इइए’ म्हणणारा जपानी माणूस क्वचित भेटेल. नकार असा येतो:

‘शुक्रवारी जेवायला जाऊ या?’ ‘शुक्रवार का... चोत्तो...’ आणि वाक्य तिथेच सुटतं. चोत्तो म्हणजे ‘थोडं’. वाक्य पूर्ण व्हायची वाट बघू नका आणि कारणही विचारू नका. नकार मिळालेला आहे.

मीटिंगमध्ये ‘मुझुकाशिइ देस ने’ (अवघड आहे) आणि ‘केन्तोऽ शिमास’ (विचार करतो) हे बहुतेक वेळा नाहीच असतात. आपल्याकडे ‘बघू’ म्हणतात ना, तसं.

आणि याच्या उलट, ‘हाइ, हाइ’ म्हणजे होकार नव्हे. ऐकतोय एवढंच. तुम्ही बोलत असताना समोरचा ‘हाइ’, ‘एऽ’, ‘नारुहोदो’ अशी साथ देत राहतो. आपण फोनवर ‘हं... हं... बरं’ करतो ते हेच. त्यांच्या बोलण्यात तुम्हीही ती साथ द्या, नाहीतर फोन कट झाला असं समजून ‘मोशि मोशि?’ विचारतील. वाक्याच्या शेवटी येणारं ‘ने’ हे आपलं ‘ना’ आहे. ‘अत्सुइ देस ने’, उकडतंय ना. लिफ्टमध्ये एवढं आलं तरी ओळख वाढते.

## ७. शाकाहारींसाठी: ‘निकु नाशि’वर विसंबू नका

‘निकु’ म्हणजे मांस, पण हॉटेलवाल्याच्या मनात त्यात हॅम, बेकन किंवा सूपमधला अर्क येतीलच असं नाही. मासे तर वेगळेच. खरी अडचण ‘दाशि’ची. मिसो सूप, उदोन या जाड नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, सगळ्याच्या मुळाशी हे पाणी असतं, आणि ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून, ‘कात्सुओबुशि’पासून करतात. कोंबु या समुद्री वनस्पतीचं दाशि शाकाहारी असतं, म्हणून विचारायचं ते दाशि कशाचं आहे.

हे वाक्य कागदावर लिहून घ्या: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशि मो दामे देस.’ मांस आणि मासे दोन्ही खात नाही, माशाचं दाशिही चालत नाही. अंडं (‘तामागो’) नको असेल तर तेही जोडा.

पाकिटावर ॲलर्जीची चौकट असते. त्यात अंडं आणि दूध यांचा उल्लेख सक्तीचा आहे. गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी, जिलेटिन यांची फक्त शिफारस. म्हणून घटकांची पूर्ण यादी वाचा. मांसाचं कान्जि, म्हणजे चिनी लिपीतून आलेलं अक्षर, ओळखायला सोपं आहे: एका कमानीखाली ‘माणूस’ हे अक्षर दोनदा, एकाखाली एक. पण ते न दिसणंही पुरेसं नाही. करीच्या तयार वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते, आणि ती ‘ग्यूऽशि’, ‘तोन्शि’ अशा वेगळ्या नावाने लिहिलेली असते. वर भाज्यांचं चित्र असलं तरी कॅमेरा फिरवा.

देवळांतलं ‘शोऽजिन र्‍योऽरि’ हे भिक्षूंचं जेवण खात्रीचं. परंपरेने त्यात कांदा-लसूणही नसतो.

## ८. आकडे: लाखाला दहाने गुणा

जपानीत हजारानंतरची पायरी ‘मान’, म्हणजे दहा हजार. घरभाडं ८०,००० येन म्हणजे ‘हाचि-मान’. आपला एक लाख म्हणजे ‘जूऽ-मान’ (दहा मान), दहा लाख म्हणजे ‘ह्याकु-मान’, दहा कोटी म्हणजे ‘इचि-ओकु’. इंग्रजी मिलियनमधून गेलात तर शून्यं मोजत बसाल. लाखांचा आकडा धरा, दहाने गुणा, पुढे मान लावा. तीन लाख पगार, ‘सान्जूऽ-मान’.

तारखांत ‘योक्का’ म्हणजे चार तारीख आणि ‘योऽका’ म्हणजे आठ. भेटीची वेळ ठरवताना हे बोटांनी दाखवून पक्कं करा, जपानी लोकही करतात.

सरकारी फॉर्मवर वर्ष सम्राटाच्या राजवटीप्रमाणे विचारतात. चालू रेइवा राजवट २०१९मध्ये सुरू झाली, म्हणून इसवी सनातून २०१८ वजा करा. जन्मवर्षासाठी, १९८९ ते २०१८ असेल तर १९८८ वजा करा, ती हेइसेइ. त्याआधीचं असेल तर १९२५ वजा करा, ती शोऽवा. १९९५ म्हणजे हेइसेइ ७.

कचऱ्याचे शब्द घराच्या चाव्यांबरोबरच शिका: जळणारा ‘मोएरु गोमि’, न जळणारा ‘मोएनाइ गोमि’, पुनर्वापराचा ‘शिगेन गोमि’, आणि सोफा-गादीसारखा मोठा ‘सोदाइ गोमि’, जो आधी नोंदणी करून, पैसे भरून द्यायचा. वार आणि वर्गवारी प्रत्येक पालिकेची वेगळी. तक्ता वॉर्ड कार्यालयातून आणा आणि फ्रिजवर लावा.

## ९. डॉक्टरकडे: इथे मराठी सगळ्यात जास्त कामाला येते

‘इताइ देस’, दुखतंय, एवढ्याने डॉक्टरचं समाधान होत नाही. कसं दुखतंय ते विचारतात, आणि उत्तर नादशब्दांत अपेक्षित असतं. इंग्रजीतून शिकलेले इथे अडतात. ज्या भाषेत ठणका, चुरचुर, मळमळ, गरगर आहे तिला अडायचं कारण नाही:

- ‘झुकि-झुकि’: ठणका. दात, डोकं, जखम
- ‘चिकु-चिकु’: टोचल्यासारखं
- ‘हिरि-हिरि’: चुरचुर, भाजल्यावर किंवा घशात होते ती
- ‘मुका-मुका’: मळमळ
- ‘कुरा-कुरा’: गरगरणं
- ‘झोकु-झोकु’: हुडहुडी
- ‘गान-गान’: डोक्यात घण बसल्यासारखं
- ‘शिकु-शिकु’: पोटात बारीक, सतत दुखणं

अवयव जोडायचा आणि सांगायचं. ‘आतामा गा गान-गान शिमास’, ‘नोदो गा हिरि-हिरि शिमास’. आतामा डोकं, ओनाका पोट, नोदो घसा, मुने छाती, हा दात. नादशब्द पाठ करताना मराठी जोडीदार शेजारी लिहा. मुका-मुका आणि मळमळ एकदा शेजारी बसले की सुटत नाहीत.

पहिल्या भेटीत ‘मोन्शिन्ह्योऽ’ नावाचा प्रश्नांचा कागद भरावा लागतो. जुने आजार, चालू औषधं, ॲलर्जी यांची यादी घरूनच जपानीत करून न्या. विम्याचा पुरावा (‘माय नंबर’ या सरकारी ओळखपत्राला विमा जोडला असेल तर तेच) विसरू नका. त्याने साधारणपणे बिलाचा ३० टक्के भाग तुमच्याकडे येतो, नाहीतर तिथे पूर्ण भरावं लागतं. औषधाच्या दुकानात ‘ओकुसुरि तेचोऽ’ ही छोटी वही मागून घ्या. दिलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी तीत चिकटवतात, पुढचा डॉक्टर तीच बघतो.

रुग्णवाहिका आणि आगीचा बंब दोन्हीसाठी ११९, पोलिसांसाठी ११०. ११९ला पहिला प्रश्न असतो, ‘काजि देस का, क्यूऽक्यूऽ देस का?’ काजि म्हणजे आग, क्यूऽक्यूऽ म्हणजे रुग्णवाहिकेचं काम. तुम्ही फक्त ‘क्यूऽक्यूऽ देस’ म्हणा आणि कागदावरचा पत्ता सावकाश वाचा.